मंडीची सीट

बाबनराव निमजे यांना ऐकू येत नाही, हे नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत बऱ्याच जणांना कितीतरी वर्षं ठाऊकच नव्हतं. कारण त्यांच्या शेजारी नेहमी त्यांची लेक धनश्री असायची.

बाबनरावांचे वडील घरी हातमागावर लुगडी विणायचे. बाबनरावांनी आधी पावरलूम चालवले आणि मग ते बुटीबोरीच्या एका कापड कंपनीत माग-खात्यात लागले. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान हळूहळू गेले. धनश्री तिसरीत होती तेव्हा त्यांना कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनाशा झाल्या, आणि ती सातवीत जाईपर्यंत माणसंही. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं, पण त्यात शब्दांपेक्षा गलकाच मोठा व्हायचा. मशीन कपाटात गेलं. कंपनीनं त्यांना मागांवरून काढून गोदामात, कापडाच्या घड्या घालण्याच्या कामावर पाठवलं. बाबनराव ओठ वाचायला शिकले, तेही घरच्यांचेच. परक्या माणसाचे ओठ त्यांना उमगत नसत.

‘मी बहिरा आहे’ असं चारचौघांत म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे ते मुलीला बरोबर न्यायचे. समोरचा बोलला की सहज मान वळवल्यासारखं करून तिच्याकडे बघायचे आणि विचारायचे, “काय म्हणते वं तो?” ती आवाज न काढता, ओठ सावकाश हलवून सांगायची. परकर-पोलक्याच्या वयात सुरू झालेलं हे काम तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की एकटी असली तरी समोरच्याचं बोलणं ती मनातल्या मनात आखूड करून ठेवायची, बाबांना सांगायला.

यातली एक गोष्ट बाबनरावांना फार मोलाची होती. बाकीचे लोक हसत, तावातावानं बोलत, आणि यांनी विचारलं की हात झटकून म्हणत, “काही नाही, मंग सांगतो.” ते ‘मंग’ कधी यायचं नाही. धनश्री तसं करत नसे. ती सगळं सांगायची. त्यांच्याबद्दल कोणी वाईट बोललं तरी सांगायची. “माझी पोरगी मले अर्धं सांगत नाही,” असं ते बायकोला, चंद्रकलाबाईंना, मोठ्या आवाजात म्हणायचे. त्यांचा आवाज मोठाच असायचा. तो त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हता.

धनश्री अभ्यासात हुशार निघाली. बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या दोन्ही मोठ्या परीक्षांत तिला चांगला नंबर मिळाला. आता प्रश्न होता कॉलेजचा. ऑनलाइन यादी भरायची होती. पहिल्या पसंतीचं कॉलेज सगळ्यात वर, मग दुसरं, मग तिसरं.

तिची मैत्रीण मयुरा लकडगंजातली, लाकडाच्या व्यापाऱ्याची मुलगी. मयुराचे वडील तिला घेऊन थेट कर्नाटकात सुरतकलला जाऊन आले. कॉलेजच्या मागंच समुद्र. तिथंच त्यांच्या घरचं ठरलं. “मी हातात चपला घेऊन वाळूत उभी होते, अन् बाबा म्हणाले, बस, हेच,” मयुरा सांगायची. धनश्रीला तिचा हेवा वाटायचा. समुद्राचा नव्हे; घरातल्या घरात मोकळेपणानं ठरवता येतं, याचा.

बाबनरावांनीही लेकीला कॉलेज दाखवलं. एका रविवारी ते तिला आपल्या जुन्या मोटरसायकलवर बसवून नागपुरातल्याच व्हीएनआयटीत घेऊन गेले. आतली मोठमोठी झाडं बघून ते हरखले. “सकाळी डबा घेऊन निघाचं, संध्याकाळी घरी,” ते म्हणाले. “आईच्या हातचं जेवण. मी कंपनीतून येईन तवा तू आलेली राहशीन.” फाटकाशी बसलेल्या पहारेकऱ्याशी त्यांना बोलायचं होतं. बोलणं धनश्रीनंच करून दिलं. तो पहारेकरी काहीतरी विनोद करून हसला, तेव्हा तिनं तोही ओठांनी सांगितला आणि बाबा एक क्षण उशिरा हसले. त्या एका क्षणाच्या उशिराचं ओझं तिला त्या दिवशी नकोसं झालं. पुढची चार वर्षंही असंच, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली.

यादी भरताना तिनं सगळ्यात वर मंडीचं आयआयटी टाकलं. हिमाचलातल्या डोंगरात, नदीकाठी. तिनं मोबाइलवरच पाहिलं होतं. दुसरं सुरतकल. नागपूर तिसरं. बाबनराव मागं उभे राहून बघत होते.

“नागपूर खाली काहून?”

तिनं त्यांच्याकडे तोंड फिरवलं. “वरची नावं अशीच टाकाची राहतात, बाबा. ती लागत नाहीत.”

ते अगदीच खोटं नव्हतं. मंडी लागेल की नाही, याची तिलाही खात्री नव्हती. पण लागावं असं मनापासून वाटत होतं, हे मात्र ती बोलली नाही.

पहिल्या फेरीत नागपूर लागलं. इलेक्ट्रिकल. बाबनरावांनी त्याच दुपारी पेढे आणले आणि गल्लीत घरोघर वाटले. आता एवढंच करायचं होतं. ही जागा कायमची घ्यायची असेल तर ‘फ्रीज’ म्हणायचं. जागा हातात ठेवून वरच्या पसंतीची वाट बघायची असेल तर ‘फ्लोट’. फ्लोट केलं आणि पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं, तर आधीचं आपोआप हातचं जातं.

दुसऱ्या दिवशी बाबनराव खोलीत कूलरचा जुना वाळा काढून नवा बसवत होते. धनश्री पलंगावर बसली होती. मयुराचा फोन आला.

“फ्रीज केलं का वं?”

धनश्रीनं बाबांकडे बघितलं. ते जाळीत वाळा कोंबत होते, पण तोंड तिच्याकडेच होतं. तिनं डावा हात उचलला आणि तोंडावर धरला.

“फ्लोट केलं,” हाताच्या आडून ती म्हणाली. “लागली तं मंडी लागते. नाही लागली तं नागपूर हायेच. म्हणजे मले काही ठरवाचं कामच नाही.”

“काकाले सांगतलं?”

“नाही. सांगाचं काय? समोरच बसले हायेत.”

मयुरा हसली. तीही हसली. बाबांनी मान वर करून, हसू पाहून, आपणही हसत विचारलं, “काय म्हणते मयुरा?”

“काही नाही,” धनश्री म्हणाली. हात खाली घेऊन, ओठ नीट हलवून.

“अन् आपलं झालं ना पक्कं?”

तिनं ‘हो’ म्हणून मान हलवली.

पुढच्या फेरीत मंडी लागलं. सिव्हिल.

हे बाबांना सांगताना तिला फार त्रास झाला. त्यातून ओठांवर ‘म’, ‘ब’ आणि ‘प’ सारखेच दिसतात. “मंडी,” ती म्हणाली. ते गोंधळले. “बंडी? कोणाची बंडी?” चंद्रकलाबाई हसल्या. शेवटी मोबाइलवर नकाशा दाखवावा लागला. बाबनराव बराच वेळ त्या नकाशाकडे बघत राहिले. नागपूर दिसेपर्यंत त्यांना बोटानं पुष्कळ खाली यावं लागलं.

“पण पक्कं झालं होतं ना?”

“कंप्युटरनंच वर नेलं, बाबा. आपल्या हातात नसते ते.”

“मंग आता मना करता येत नाही?”

“आता नागपूर गेलं.”

हे वाक्य खरं होतं, म्हणून तिला ते म्हणता आलं.

 चंद्रकलाबाई लेकीकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. बाबनराव मात्र सावरले. आयआयटी हे नाव त्यांनाही ठाऊक होतं. दोनेक दिवसांत ते स्वतःच लोकांना सांगू लागले, “कंप्युटरनं निवडली माझ्या पोरीले. आम्ही नागपूर म्हणत होतो, तो म्हणे नाही, वर चल!” हे सांगताना ते बोट आकाशाकडे करायचे. धनश्री त्या वेळी घरात निघून जायची.

तिला पोचवायला ते मंडीपर्यंत गेले. बस वळणावळणानं चढत होती आणि खाली नदी दगडांवर आदळत होती. बाबनराव खिडकीला नाक लावून बसले होते. “आवाज मोठा असते का वं याचा?” त्यांनी विचारलं. सगळी बस त्यांच्याकडे बघू लागली. “खूप मोठा,” धनश्रीनं सांगितलं. त्यांनी समाधानानं मान डोलावली, जणू त्यांच्या लेकीच्या कॉलेजला साजेसाच आवाज होता. हॉस्टेलची खोली, मेस, खालचा पूल, सगळं त्यांनी बघितलं. निघताना म्हणाले, “थंडी हाय. कान झाकत जा.”

परतीच्या वाटेवर दिल्लीला त्यांची गाडी चुकली. फलाट बदलल्याचं भोंग्यावर सांगत होते; सगळे लोक सामान उचलून पलीकडे गेले आणि बाबनराव पहिल्याच फलाटावर, तिकीट हातात घेऊन, गाडीची वाट बघत बसले. फोनची बॅटरी संपलेली. सकाळी नागपूरला गाडी आली आणि तिच्यातून ते उतरलेच नाहीत, तेव्हा चंद्रकलाबाईंनी मंडीला फोन केला. “तुह्या बाबाचा पत्ता नाही वं.” आवाज फुटलेला होता.

तो पूर्ण दिवस धनश्री हॉस्टेलच्या पायऱ्यांवर फोन धरून बसली.  समोर डोंगर होता, उन्हात चकाकत होता, आणि इतका सुंदर होता की तिला त्याच्याकडे बघवेना. संध्याकाळी आईचा फोन आला. कोणा हमालाला तिकीट दाखवून, खाणाखुणा करून बाबा दुसऱ्या गाडीच्या जनरल डब्यात बसले होते आणि आत्ताच घरी पोचले होते. व्हिडिओ कॉलवर ते दमलेले दिसत होते, पण हसत होते. “काही नाही झालं,” ते ओरडून म्हणाले. “दिल्ली पाह्यली थोडी!”

धनश्री कॉल ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडली. पण खरा त्रास तो नव्हता. खरा त्रास नंतर सुरू झाला, जेव्हा तिला तिथं आवडू लागलं. वर्गात कोणी बोललं की ते फक्त तिच्यासाठी असायचं. मेसमध्ये गलका असला तर असू द्यायचा. त्यातलं काही वेचून कोणाला द्यायचं नव्हतं. नदीकाठी ती नुसतीच बसायची. असं मोकळं वाटलं की पाठोपाठ दिल्लीच्या फलाटावर तिकीट धरून बसलेला माणूस डोळ्यांपुढं यायचा. मग ती घरी फोन करायची, आणि बाबा पडद्यावर आले की तिला त्यांच्याकडे बघवायचं नाही. कॉल आखूड होऊ लागले.

डिसेंबरच्या सुट्टीत ती नागपूरला आली. चंद्रकलाबाईंनी वडाभात केला होता. रविवारी उमरेडहून मावशी, कुसुमताई, तिच्या मुलीला, भूमिकाला, घेऊन आली. भूमिका यंदा बारावीला होती; तिलाही पुढं यादी भरायची होती. बाबनरावांनी आपली गोष्ट रंगवून सांगितली. कंप्युटर, आकाशाकडे बोट, सगळं. शेवटी म्हणाले, “तू काही काळजी करू नको. एकदा यादी भरली का आपल्या हातात काही राहत नाही.”

“असं नाही, काकाजी,” भूमिका म्हणाली. “फ्रीज करता येते ना. फ्रीज केलं का कोणी हलवत नाही. धनूताईनं फ्लोट केलं असन, म्हणून वर गेली.”

बाबनरावांना भूमिकाचे ओठ वाचता आले नाहीत. सवयीनं ते धनश्रीकडे वळले. “काय म्हणते वं ते?”

खोलीत सगळे होते. मावशीला यात काही विशेष वाटलं नव्हतं; ती वड्याला हात घालत होती. आई मात्र थांबली होती.

“काही नाही,” धनश्री म्हणाली.

बाबनरावांनी “अस्सं” म्हणून मान हलवली आणि भूमिकाच्या ताटात आणखी भात वाढायला सांगितलं. त्यांनी संशय घेतला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो घेतला नाही. मुलीनं सांगितलं म्हणजे ते काही नसणारच. 

पाहुणे गेल्यावर ती गच्चीवर गेली. बाबनराव उन्हात बसून संत्रं सोलत होते. ती त्यांच्या समोर, तोंडावर ऊन येईल अशी बसली आणि तिनं सांगितलं. मंडी वर टाकलं होतं ते लागावं म्हणूनच. नागपूर फ्रीज करता येत होतं, तरी केलं नाही. भूमिका आता तेच म्हणाली. एवढं सांगून ती थांबली असती तर कदाचित निभावलं असतं. पण तिनं कूलरच्या दिवसाचंही सांगितलं. हात उचलून, तोंडावर धरून दाखवला. “तुमच्यासमोर बसून, असं.”

बाबनरावांच्या हातातली फोड तशीच राहिली. त्यांनी ती खाली ठेवली, उठले आणि जिन्यानं उतरून गेले.

त्यानंतर त्यांनी धनश्रीच्या तोंडाकडे बघणं सोडलं. ते रागावले नाहीत, जेवण सोडलं नाही, नेहमीसारखे कंपनीच्या बसनं जात-येत राहिले. फक्त ती समोर आली की ते भिंतीकडे, ताटाकडे, दाराकडे बघायचे. त्यांच्यासाठी न बघणं म्हणजे न ऐकणं. ती “बाबा” म्हणायची आणि ते तिला दिसायचे, पण ती त्यांना पोचत नव्हती. एकदा तिनं त्यांचा हात धरून आपल्याकडे वळवायचा प्रयत्न केला, तर त्यांनी डोळेच मिटून घेतले.

“मी नाही जात परत,” ती आईला म्हणाली. “इथंच कुठंतरी घेते ॲडमिशन.”

चंद्रकलाबाई पोळी लाटत होत्या. “आता जाऊन काय नाही जाऊन काय,” त्या म्हणाल्या. “तुले जाचं होतं तं जाचं हाय म्हणाचं होतं. बाबा रडले असते दोन दिवस. त्याईले फसवाले सारी दुनिया हाय, तू तं नव्हती त्यात.”

हे ऐकून धनश्री संध्याकाळी कंपनीच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली. बाबनराव सोबत्यांबरोबर उतरले, तिला बघून थांबले आणि या वेळी त्यांनी नजर वळवली नाही. तिच्या काही बोलण्याआधी तेच बोलले, नेहमीच्या मोठ्या आवाजात. पानठेल्यावरचे लोकसुद्धा वळून बघू लागले.

“तू गेली त्याचं मले बुरं नाही लागलं. तोंड झाकलं त्याचं लागलं. बाकीचे तं नुसती पाठ करतात. तुले माहीत होतं मी कसा ऐकतो, म्हणून तू हात ठेवला.”

धनश्रीनं ‘हो’ म्हणून मान हलवली. 

“काहून जाचं होतं एवढं दूर? खरं सांग.”

ती म्हणाली, “मले काही दिवस कोणासाठी ऐकाचं नव्हतं, बाबा.”

बाबनराव तिच्या ओठांकडे बघत राहिले. आपण चुकीचं वाचलं असं त्यांना वाटलं असावं. “काय? पुन्हा सांग.”

आणि तिला ते पुन्हा सांगावं लागलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, त्यांच्या तोंडावर.

 सोबतचे लोक चुळबुळत पांगले. बाबनराव म्हणाले, “तिसरीत होती तू, तवापासून,” आणि घराकडे चालू लागले. पुढं ते, मागं ती. घरी आल्यावर त्यांनी तिच्याकडे बघून पाणी मागितलं. माफ केलं असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, नंतरही कधी नाही. मी परत जात नाही, असं तिनं रात्री जेवताना सांगून पाहिलं, तेव्हा म्हणाले, “जा. इथं राहून माझ्यावर उपकार नको करू.”

ती जानेवारीत मंडीला गेली. त्यानंतर बाबनरावांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी इतक्या वर्षांत केली नव्हती. कंपनीत, बँकेत, किराण्याच्या दुकानात ते आधीच सांगू लागले, “मले ऐकू येत नाही. मोबाइलवर लिहून दाखवा.” हे चंद्रकलाबाईंनी फोनवर सांगितलं. ते ऐकून धनश्रीला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण आपण त्यांना ज्या लाजेपासून इतकी वर्षं वाचवलं, त्याच लाजेत त्यांना आपणच ढकललं, असंही तिला वाटलं, आणि ते वाटणं गेलं नाही.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी येते. कोणी आलं की बाबनराव अजूनही मंडीची गोष्ट सांगतात, फक्त आकाशाकडे बोट करत नाहीत. “कंप्युटर-बिंप्युटर काही नाही,” ते म्हणतात. “पोरीनं स्वतः निवडलं. मले नाही सांगतलं तिनं, पण निवडलं तिनंच.” त्यांच्या आवाजात तक्रार नसते; अभिमान असतो की दुखणं, हे धनश्रीला अजून नीट ओळखता आलेलं नाही. पाहुणे तिच्याकडे बघतात. तिचे कान तापतात, मान खाली जाते. पण ती आता उठून आत जात नाही. गोष्ट संपेपर्यंत तिथंच बसते.